दुभाषीण सही करत नाही

१

वाटाघाटींच्या पहिल्याच सकाळी, चहाचे कप अजून टेबलावरून उचलले गेले नव्हते, तेवढ्यात पाहुण्यांच्या प्रमुखाने बंदराच्या विमानतळाचं नाव घेतलं आणि यजमानांच्या बाजूच्या सगळ्यांचे चेहरे खाडकन उतरले.

प्रश्न दोन देशांमधलं आकाश मोकळं करण्याचा होता. कोणाच्या किती विमानांनी कुठे उतरायचं, भाडं कोणी ठरवायचं, अशा गोष्टींवर दोन वर्षं नुसती पत्रापत्री चालली होती. आता प्रत्यक्ष बोलणी सुरू झाली होती. पाहुण्यांना सगळ्यात जास्त हवा होता तो पुढच्या उड्डाणाचा हक्क. म्हणजे त्यांचं विमान इथे उतरेल, इथूनच नवे प्रवासी किंवा माल घेईल आणि तिसऱ्या देशात जाईल. यजमानांचं जाहीर उत्तर होतं, हा हक्क कुठल्याच विमानतळावरून मिळणार नाही. पण अगदीच घोडं अडलं तर शेवटच्या दिवशी बंदराच्या शहरातून तो द्यायचा, असं आदल्या दुपारी बंद खोलीत चौघांनी ठरवलं होतं. ते कुणी लिहून घेतलं नव्हतं. बंदराचं नाव बाहेर कुणाच्या डोक्यात येण्यासारखंही नव्हतं, कारण सगळी वर्तमानपत्रं राजधानीच्या विमानतळाबद्दल भांडत होती.

आणि पाहुण्यांचे प्रमुख, चष्मा पुसत, अगदी सहज म्हणाले की आमच्या मालवाहू विमानांना बंदराच्या विमानतळावरून पुढे जायचा हक्क मिळाला, तर बाकीचं सगळं आपण दुपारपर्यंत मिटवू.

दुभाषीबाईंनी ते वाक्य यजमानांच्या भाषेत सांगितलं आणि खोली गार पडली.

शिष्टमंडळाचे प्रमुख असलेले सचिव उठून उभे राहिले. बैठक थांबवली आहे, एवढंच बोलून ते बाहेर पडले. पाठोपाठ त्यांनी दुभाषीबाईंना बोलावून घेतलं. व्हरांड्यात चार लोक ऐकत असताना त्यांनी विचारलं की तुमचा धाकटा दीर त्यांच्याच विमान कंपनीत वैमानिक आहे ना? आहे, बाई म्हणाल्या, आणि ते तुम्हाला मी नेमणुकीच्या वेळीच सांगितलंय. काल संध्याकाळी तुम्ही त्याच्याशी फोनवर बोललात? बोलले.

मग पुढचं सगळं झटपट झालं. त्यांच्या गळ्यातला पास काढून घेतला गेला. मोडकीतोडकी भाषा येणाऱ्या एका अधिकाऱ्याला पाहुण्यांकडे पाठवून निरोप दिला गेला की दुभाषीण फितूर निघाली, नवी व्यवस्था होईपर्यंत थांबा. बाईंच्या समोर टाइप केलेला राजीनामा आला. सही केलीत तर प्रकरण इथेच मिटेल, पोलिसांत जाणार नाही, असं सचिवांनी समजुतीच्या सुरात सांगितलं.

दुभाषीबाईंनी कागद वाचला, सरळ केला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि या इमारतीतून जाणारही नाही. काढायचं असेल तर उचलून बाहेर काढा. पाहुणे खिडकीतून बघतायत."

२

दक्षता विभागातून ज्या बाई आल्या त्यांना सगळं खातं पाठीमागे 'चाळणी' म्हणायचं. त्यांच्या हातून गेलेल्या प्रकरणात खडा राहत नसे, म्हणून ते नाव पडलं होतं. गुपित फुटल्याची बातमी तोवर सगळ्या मजल्यांवर फिरली होती. गळती शोधायला चाळणी पाठवली, असा विनोद जिन्यात कुणीतरी केला. तो त्यांनी ऐकला आणि बरा आहे म्हणून मान डोलावली.

जाड काचांचा चष्मा, सुती साडी, पायात मळकट कॅनव्हासचे बूट. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. सचिवांना वाटलं, अशा वेळी माणूस वाकडं काही करत नाही.

त्यांनी चाळणीबाईंना खोलीत बसवून काय हवं ते स्पष्टच सांगितलं. दुपारच्या जेवणाआधी एक पानी अहवाल द्यायचा, दुभाषीण दोषी. मंत्रीसाहेब वाट बघतायत. आणि पाहुण्यांच्या मजल्यावर अजिबात पाऊल टाकायचं नाही, आधीच शोभा झाली आहे.

चाळणीबाईंनी विचारलं की आदल्या दुपारी खोलीत कोण कोण होतं. सचिव स्वतः. कायदेसल्लागार, ज्यांना सगळे काका म्हणतात. सरकारी विमान कंपनीचे अध्यक्ष. आणि दुभाषीण, कारण नेमके शब्द तिला आधी समजावून सांगणं भाग होतं.

"आणि ठरलं काय होतं?"

सचिवांनी आवाज खाली आणला. "पुढच्या उड्डाणाचा हक्क. बंदराहून. फक्त प्रवाशांसाठी. शेवटच्या दिवशी, अगदीच अडलं तर."

"दुभाषीबाईंवर संशय कशामुळे?"

"दीर तिकडे नोकरीला. काल बराच वेळ फोन. काय बोललात विचारलं तर सांगत नाही. अजून काय हवं?"

चाळणीबाई म्हणाल्या की हे खूप झालं, आणि हे काहीच नाही. सचिवांना त्याचा अर्थ लागला नाही. तो विचारायच्या आत त्या उठून गेल्या होत्या.

३

दुभाषीबाई तळमजल्यावर, जिथे पाहुण्यांच्या गाड्या लागतात, त्या दाराशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. येणारा जाणारा प्रत्येकजण त्यांच्याकडे बघून नजर वळवत होता. मुद्दाम तिथे बसलात का, असं चाळणीबाईंनी विचारलं. हो, असं उत्तर आलं. लपून बसले असते तर सगळ्यांना सोयीचं झालं असतं.

चाळणीबाई शेजारी बसल्या. फोनबद्दल विचारल्यावर दुभाषीबाईंनी सांगितलं की फोन दिराला केला होता आणि बोलणं सासूबाईंबद्दल होतं. त्यापुढचं त्या सांगणार नव्हत्या.

"सांगितलंत तर सुटाल," चाळणीबाई म्हणाल्या.

"घरातली गोष्ट आहे, मॅडम. सासूबाईंनी विश्वासाने मला सांगितली, मी दिराला सांगितली. आता ती सरकारी कागदावर चढवू? मी गुपितं सांभाळते यावर माझी नोकरी चालते. आज स्वतःला वाचवायला एक फोडलं, तर सचिव म्हणतात ते खरंच ठरेल."

चाळणीबाईंनी तो विषय तिथेच सोडला आणि परत कधी काढला नाही. त्यांनी वेगळंच विचारलं. सकाळी पाहुण्यांचे प्रमुख जे बोलले ते जसंच्या तसं आठवतं का?

दुभाषीबाईंनी आधी परक्या भाषेत ते वाक्य म्हटलं, मग आपल्या. आमच्या मालवाहू विमानांना बंदराच्या विमानतळावरून पुढे जायचा हक्क मिळाला, तर बाकीचं सगळं आपण दुपारपर्यंत मिटवू.

"मालवाहू," चाळणीबाई म्हणाल्या.

"हो."

"प्रवासी नाही?"

दुभाषीबाई थबकल्या. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर राग सोडून दुसरं काहीतरी उमटलं. भाषांतर करताना त्यांनी तो शब्द बरोबर सांगितला होता. पण लगेच बैठक उधळली, व्हरांड्यात तमाशा झाला, पुढे राजीनाम्याचा कागद आला आणि शब्द तोंडातून गेला तो गेलाच. खोलीतल्या बाकीच्यांना तर बंदराचं नाव ऐकल्यावर पुढचं काही ऐकूच आलं नव्हतं.

"आधी मालच ठरला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "मग मंत्र्यांचा फोन आला. बंदरावरची मालाची गोदामं दुसऱ्या कुणाला कबूल केली आहेत, माल देऊ नका, प्रवासी द्या. तेव्हा बदललं."

"तो फोन आला तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मी आणि सचिव," दुभाषीबाई म्हणाल्या. "आम्ही दोघंच."

४

काका गॅलरीत गरम पाण्याचा वाफारा घेऊन आल्यासारखे लालबुंद होऊन बसले होते. खोकल्याने त्यांना आठवडाभर बेजार केलं होतं. चाळणीबाईंनी तब्येत विचारली, गोळ्या कुठल्या घेता विचारलं, आणि त्यांनी कुठली घ्यायला हवी तेही सांगितलं. मग गप्पांच्या ओघात, ठरलं तरी काय होतं, असं विचारलं.

काका म्हणाले, प्रवासी. पण पहिल्यांदा माल होता. मधे ढास लागली म्हणून मी व्हरांड्यात जाऊन खोकत बसलो, परत आलो तर बैठक आटोपली होती. सचिवांनी मला त्यांच्या गाडीत घेतलं आणि वाटेत सांगितलं की बदललंय. तिथून आम्ही सरळ पाहुण्यांच्या जेवणाला गेलो.

"त्या आधी पाहुण्यांना कुठे भेटलात?"

"कुठे भेटणार? त्यांचं विमानच संध्याकाळी उतरलं. अध्यक्ष गेले होते घ्यायला. म्हणून तर ते बैठकीतून लवकर उठले." काकांनी तोंडावर रुमाल धरला. "पोरगी हुशार आहे हो ती. पण मी काय बोलणार? सचिवांनी सगळ्यांसमोर तोंडातून शब्द काढला. आता मागे कसा घेतील?"

"घेतील की," चाळणीबाई म्हणाल्या. "शब्द आहे, दात नव्हे."

सरकारी विमान कंपनीचे अध्यक्ष वरच्या मजल्यावरच्या खोलीत होते. खिडकीला पाठ करून उभा राहिलेला उंच, देखणा माणूस. लोडरपासून वर चढत आला होता आणि ते लपवत नव्हता. त्यांनी चाळणीबाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली. दुभाषीबाईंबद्दल वाईट वाटतं, म्हणाले. त्यांनी मुद्दाम केलं नसेल, दिराशी बोलता बोलता निसटलं असेल. पण झालं ते झालं. आता बोलणी थांबवावी लागतील. फुटलेल्या अटींवर कुणी करार करतो का?

मधले दोन-चार प्रश्न इकडचे तिकडचे झाले. मग चाळणीबाईंनी विचारलं की निदान पाहुण्यांनी मागितलं आणि आपण ठरवलं होतं, यात थोडाफार तरी फरक आहे का? असला तर योगायोग म्हणून सोडता येईल.

अध्यक्षांनी ठामपणे मान हलवली. "कसला फरक? जे ठरलं तेच, अक्षरशः तेच मागितलं त्यांनी."

चाळणीबाईंनी आभार मानले. खाली येऊन त्यांनी बाकावरच्या दुभाषीबाईंना हाक मारली. मला तुमची भाषा हवी आहे, म्हणाल्या. कुठे जायचंय, असं दुभाषीबाईंनी विचारलं.

"जिथे जायचं नाही म्हणून मला बजावलंय तिथे."

५

पाहुण्यांच्या मजल्यावरच्या पहारेकऱ्याने अडवलं, कारण दुभाषीबाईंकडे पास नव्हता. चाळणीबाईंनी स्वतःचा पास काढून त्यांच्या गळ्यात घातला आणि म्हणाल्या की आता माझ्याकडे नाही, मला अडव. त्याला काय करावं कळेना. दोघी आत गेल्या.

पाहुण्यांचे प्रमुख दुभाषीबाईंना बघून उठून उभे राहिले. फितूर म्हणून काढलेली बाई परत समोर आली याचं त्यांना आश्चर्य वाटलं असावं, पण ते चेहऱ्यावर दिसलं नाही. चाळणीबाईंनी सांगितलं की नाव विचारायला मी आलेले नाही. तुम्ही ते सांगणारही नाही आणि सांगू नये. मला फक्त एक समजून घ्यायचंय. बंदराची गोष्ट तुमच्या कानावर आली तेव्हा तुम्ही ती काय म्हणून घेतली?

वृद्ध प्रमुखांनी टेबलावरचा पेला बाजूला सारला. मग जे बोलले ते दुभाषीबाईंनी सांगितलं.

"मला तुमची शेवटची अट चोरून कळली असती, तर पहिल्या सकाळी मी ती तोंडावर आणली असती का? गप्प बसून तुम्हाला रेटत रेटत तिथपर्यंत नेलं असतं, आणि वर अजून काही मागितलं असतं. मी उघड बोललो, कारण मला वाटलं की हा तुमच्या सरकारचाच निरोप आहे. घासाघीस टाळायला तुम्ही मोठेपणाने पाठवलेला. म्हणून मीही मोठेपणा दाखवला आणि तुम्ही बैठक उधळलीत. आमच्या देशात याला अपमान म्हणतात."

"आणि हा निरोप दुभाषीबाईंनी किंवा त्यांच्या दिराने आणला असता तर?"

ते हसले, पण त्यात गंमत नव्हती. वैमानिकाच्या सांगण्यावरून मी सरकारचा शब्द मानेन का, त्यांनी उलट विचारलं.

खाली येताना जिन्यात सचिव भेटले. त्यांना खबर लागली होती. चेहरा तांबडा, हातात तोच राजीनाम्याचा कागद. तुम्हाला निलंबित करायला मला एक फोन पुरेल, त्यांनी चाळणीबाईंना सुनावलं.

"करा," चाळणीबाई म्हणाल्या. "पण आधी सगळ्यांना एका खोलीत बोलवा. फोन नंतर केलात तरी चालेल."

६

तीच खोली, त्याच चार खुर्च्या. चाळणीबाई उभ्याच राहिल्या.

त्यांनी सांगायला सुरुवात केली. चौघांना बंदर माहीत होतं, म्हणून आपण बंदरावर अडकलो. पण पाहुण्यांनी बंदर आणि माल मागितला. माल आधी ठरला होता, मंत्र्यांच्या फोननंतर तो रद्द झाला. ज्याने गोष्ट फोडली त्याला जुनं माहीत होतं, नवं नव्हतं. फोन आला तेव्हा सचिव आणि दुभाषीबाई खोलीतच होते. त्यांनी फोडलं असतं तर प्रवासी फोडले असते. काका बाहेर होते, पण पाहुण्यांचं तोंड बघायच्या आधी त्यांना गाडीत बदल कळला होता.

सचिवांनी हातातला राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवला.

दुसरं, चाळणीबाई म्हणाल्या, पाहुण्यांनी हे चोरीचा माल म्हणून घेतलं नाही, सरकारचा निरोप म्हणून घेतलं. मग तो अशाच माणसाने दिला असणार ज्याच्या तोंडी तो शोभतो. विमानतळावर हार घेऊन उभा असलेला, सरकारी गाडीत शेजारी बसून येणारा माणूस. तो बैठकीतून लवकर उठला होता. जेवणात पाहुणे शेजारी होते, म्हणून बदल त्याला कुणी सांगितला नाही; आज सकाळीही तो त्याला माहीत नव्हता, कारण ठरलं तेच मागितलं, असं त्याने मला शपथेवर सांगावं तसं सांगितलं.

खोलीतल्या सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं.

अध्यक्षांनी खाली मान घातली नाही. खुर्ची मागे सारून ते उभे राहिले.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "गाडीत सांगितलं आणि परत वेळ आली तर परत सांगेन. तुम्ही आकाश उघडताय. त्यांच्याकडे नवी विमानं, कमी भाडं. माझ्याकडे तीस वर्षं राबलेली माणसं आहेत. करार झाला की वर्षभरात त्यांना घरी बसवाल आणि त्याला सुधारणा म्हणाल. बैठकीत मी ओरडून सांगितलं तेव्हा कुणी ऐकलं? मग मला बोलणी मोडायची होती. अट फुटली की तुम्ही संशयाने उठाल, हे मला माहीत होतं. आणि तुम्ही उठलात."

"आणि या?" चाळणीबाईंनी दुभाषीबाईंकडे बोट केलं.

"त्यांचं नाव मी घेतलं नाही. सचिवांनी घेतलं."

"पण निसटलं असेल, असं मला तुम्हीच म्हणालात. सकाळभर त्या खाली बाकावर बसल्या होत्या. तुमच्या लोकांसाठी लढायचं होतं तर इथे, या टेबलावर लढायचं. मंत्र्यांच्या तोंडावर राजीनामा फेकायचा. तुमच्या लोडरांना अभिमान वाटला असता. तुम्ही बाईला पुढे करून मागे उभे राहिलात."

अध्यक्ष खाली बसले, आणि पहिल्यांदाच म्हातारे दिसले.

७

सचिव जन्मभर सरकारी नोकरीत घोटून निघाले होते. त्यांनी लगेच हिशेब मांडला. अध्यक्षांना प्रकृतीच्या कारणाने घरी पाठवू. दुभाषीबाईंचा गैरसमज दूर झाला, त्या आताच परत रुजू होतील. पाहुण्यांना यातलं काही कळायची गरज नाही. चाळणीबाईंनी अहवाल जरा मोघम लिहावा.

चाळणीबाई म्हणाल्या की माझा अहवाल जसा आहे तसाच जाईल. निलंबन करायचं असेल तर पत्ता तोच आहे.

मग सगळे दुभाषीबाईंकडे वळले. त्यांना पास परत दिला गेला. त्यांनी तो घेतला, पण गळ्यात घातला नाही.

"फितूर निघाली, हा निरोप पाहुण्यांना दिलात," त्या म्हणाल्या. "त्यांच्यासमोरच तो परत घ्या. तुम्ही स्वतः, टेबलावर. नाहीतर दुसरी दुभाषीण शोधा. तुमच्या त्या मोडक्या भाषेच्या अधिकाऱ्याला बसवा आणि करा करार."

सचिवांनी काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते.

दुपारी बैठक परत भरली. पाहुणे आले, पण त्यांनी फायली उघडल्या नाहीत. अध्यक्षांची खुर्ची रिकामी होती. दुभाषीबाई सचिवांच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी बसल्या. चाळणीबाईंना आत यायचा अधिकार नव्हता, तरी त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि त्यांना जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

सचिवांनी घसा साफ केला. "सकाळी काही गैरसमजामुळे," ते म्हणाले, "भाषांतराच्या व्यवस्थेत तात्पुरता बदल करावा लागला. त्याबद्दल खेद आहे."

पाहुण्यांचे प्रमुख भाषांतराची वाट बघत होते. दुभाषीबाई सचिवांकडे वळल्या आणि हलक्या आवाजात बोलल्या.

"तुम्ही जे म्हणाल तेच मी सांगेन. एक शब्द वाढवणार नाही, एक कमी करणार नाही. हेच सांगू?"

सचिवांचा चेहरा काळवंडला. त्यांनी समोरच्या माणसाकडे पाहिलं. त्याने सकाळी मोठेपणा दाखवला होता आणि आता तो टक लावून बघत होता. मग सचिवांनी हात टेबलावर सपाट ठेवले. जे बोलले ते हळू बोलले, पण शेवटपर्यंत बोलले.

दुभाषीबाईंनी ऐकून घेतलं. मग पाहुण्यांकडे तोंड करून, दुभाषाने बोलायचं असतं तसं बोलणाऱ्याच्या जागी 'मी' ठेवून, त्यांनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं. सकाळी मी आमच्या दुभाषीबाईंवर फितुरीचा आळ घेतला. तो खोटा होता. गुपित आमच्याच एका वरिष्ठ माणसाने फोडलं. बाईंनी सही करायला नकार दिला म्हणून खरं बाहेर आलं. मी सर्वांसमोर त्यांची माफी मागतो.



पाहुण्यांच्या प्रमुखांनी समोरची फाईल ओढली, उघडली, आणि पहिला मुद्दा वाचायला सुरुवात केली. दुभाषीबाईंनी पास गळ्यात घातला आणि भाषांतर सुरू केलं.